सेसना १७२ला क्रूझमध्ये किती आरपीएम ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी लागणारं ३०० नॉटिकल मैलांचं क्रॉस-कंट्री उड्डाण तोंडावर आलंय आणि विमान सेसना १७२ आहे. एक प्रशिक्षक म्हणतात क्रूझमध्ये, म्हणजे सपाट उड्डाणात, आरपीएम (पंख्याचे मिनिटाला फेरे) २४०० ठेव, दुसरे म्हणतात २५००च्या खाली जाऊ नकोस, आणि बरोबरीचे विद्यार्थी २६५० लावून बिनधास्त जाऊन येतात. पीओएचमधला (विमानाच्या अधिकृत पुस्तिकेतला) तक्ता चौथंच काहीतरी सांगतो. शिवाय पुढे पायपर ॲरो या विमानावर जायचंय, आणि 'मॅनिफोल्ड प्रेशर आरपीएमच्या वर कधीही जाऊ द्यायचं नाही' असं आत्तापासूनच बजावलं गेलंय (मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब). मग धरायचं काय?

आधी सरळ उत्तर देतो. उड्डाण मे महिन्यात ५५०० फुटांवर असेल आणि विमान १७२एस असेल, तर मी २५५०च्या आसपास ठेवीन. तेच उड्डाण डिसेंबरमध्ये असेल तर २५००. दोन्ही वेळा इंजिन साधारण ६४ टक्के पॉवर देत असेल आणि मला ६५ टक्क्यांच्या जवळपासच राहायचंय. मिक्स्चर, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण, मात्र दोन्ही वेळा लीन (इंधन कमी) केलेलं असेल. ते लीन केल्याशिवाय पॉवर सेट झाली असं मी म्हणतच नाही.

आता हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण उद्या विमान बदललं, उंची बदलली की तुम्हाला ते स्वतःच काढायचे आहेत.

तुमचे दोन्ही प्रशिक्षक आरपीएम सांगतात, पण उंची आणि तापमान सांगत नाहीत. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्याच्या विमानात नुसत्या आरपीएमवरून इंजिन किती काम करतंय ते कळत नाही. पंखा हवेला ढकलतो. हवा दाट असेल तर तेवढेच फेरे मारायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, विरळ असेल तर कमी. १७२एस घ्या. २००० फुटांवर, प्रमाण तापमानात (त्या उंचीसाठी मानक धरलेल्या) २५०० आरपीएम म्हणजे साधारण ७३ टक्के पॉवर. तेच २५०० आरपीएम ६००० फुटांवर ६४-६५ टक्क्यांवर येतात. आणि ६००० फुटांवर तापमान प्रमाणापेक्षा २० अंशांनी जास्त असेल, जे आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत रोजचंच आहे, तर ६० टक्के. टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या गेजचा, काटा जागचा हललेला नाही आणि पॉवर मात्र १३ टक्क्यांनी खाली आली. म्हणून '२४०० ठेव' हा सल्ला एका उंचीला, एका ऋतूत अगदी बरोबर असतो आणि दुसरीकडे विमान उगाच रखडत नेतो.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. तीच टक्केवारी राखायची असेल तर दर १००० फुटांमागे साधारण २५ आरपीएम वाढवावा लागतो. हजार फुटांना हवेची घनता जवळपास ३ टक्क्यांनी घटते, आणि पंख्याला लागणारी पॉवर आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यातून हा आकडा येतो. घनाचं हे नातं डोक्यात पक्कं बसवा. आरपीएम २ टक्क्यांनी वाढवला की पॉवर ६ टक्क्यांनी वाढते. टॅकोमीटरवर ५० आरपीएम म्हणजे काट्याची सुईभर हालचाल, पण इंजिनासाठी ती मोठी गोष्ट आहे.

आपल्या दख्खनच्या पठाराचं उदाहरण घेऊ. पुणे, बारामती, नाशिक या पट्ट्यातल्या धावपट्ट्या समुद्रसपाटीपासून साधारण २००० फुटांवर आहेत. २००० फुटांचं प्रमाण तापमान ११ अंश सेल्सियस. मेमधल्या दुपारी ४१ अंश असतील तर फरक ३० अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३६०० फूट, म्हणजे घनता-उंची (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) झाली ५६०० फूट. विमान अजून जमिनीवर उभं आहे आणि इंजिन ५६०० फुटांवरची हवा ओढतंय. मेमध्ये क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) १०१३ हेक्टोपास्कलच्या बराच खाली असतो, त्याचे आणखी दोनशे-अडीचशे फूट वर धरा.

मग ५५०० फुटांवर पोचलात. बाहेर २८ अंश. तिथलं प्रमाण तापमान ४ अंश, म्हणजे २४ अंशांचा फरक. घनता-उंची जवळपास ८४०० फूट. सेसनाने १७२एससाठी ७५ टक्के पॉवरला १२४ नॉटचा जो वेग जाहीर केलाय तो ८५०० फुटांचा आहे. म्हणजे आपल्या मेमधल्या ५५०० फुटांवर तुम्ही थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला, आरपीएम २७००च्या लाल रेषेला टेकायच्या बेतात आला, तरी इंजिन जेमतेम ७५ टक्के देतंय. त्यामुळे २६५० लावणारे तुमचे मित्र उन्हाळ्यात इंजिनाला मारून टाकतायत असं काही नाही. पण तेच २६५० ते डिसेंबरच्या पहाटे ३००० फुटांवर लावत असतील, तर ते ८० टक्क्यांच्या पुढे गेलेत.

आणि एक गोष्ट आधी तपासा. 'सेसना १७२' म्हणजे कोणतं? १७२आर आणि १७२एस या दोन्हींत लायकमिंगचं आयओ-३६०-एल२ए हेच इंजिन आहे. एसमध्ये ते २७०० आरपीएमला १८० अश्वशक्ती देतं, आरमध्ये ते २४००लाच बांधून १६० अश्वशक्तीवर ठेवलंय. म्हणजे आरमध्ये २४०० ही लाल रेषा आहे आणि एसमध्ये २४०० हे निवांत चालणं आहे. जुन्या १७२पीमध्ये ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, लाल रेषा २७००. सेसना १५२ची लाल रेषा २५५०. एका शाळेत दोन-तीन मॉडेलं असली की एका विमानाचा आकडा दुसऱ्यावर चिकटतो आणि तोच 'आपला नेहमीचा आकडा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. आकडा त्याच विमानाच्या पुस्तकातून काढा.

तक्ता वाचताना क्रम असा ठेवा: आधी टक्के ठरवा, मग आरपीएम शोधा. बहुतेक विद्यार्थी उलटं करतात, आरपीएम धरतात आणि जे टक्के निघतील ते नॅव्हिगेशन लॉगमध्ये लिहितात. तक्त्यात प्रेशर-उंचीच्या (१०१३चा दाब धरून मोजलेल्या उंचीच्या) ओळी असतात आणि तापमानाचे तीन रकाने: प्रमाणापेक्षा २० अंश कमी, प्रमाण, आणि २० अंश जास्त. आपल्याकडे डावा रकाना जवळपास कधीच लागत नाही. मधला हिवाळ्यात, उजवा उन्हाळ्यात. उजव्या रकान्याच्याही पलीकडे तापमान असेल तर अंदाज पुढे वाढवावा लागतो, आणि तो वाढवताना वेग थोडा कमीच धरा.

टक्के किती घ्यायचे? लायकमिंगची इंजिनाच्या आयुष्यासाठीची शिफारस स्पष्ट आहे. सलग क्रूझमध्ये ६५ टक्के किंवा कमी, सिलिंडर हेडचं तापमान ४०० अंश फॅरनहाइट किंवा कमी, तेलाचं तापमान १६५ ते २२० अंशांच्या दरम्यान. गेजवरची लाल रेषा ४००च्या बरीच वर असते, म्हणून मुलांना वाटतं की अजून भरपूर जागा आहे. लाल रेषा ही मर्यादा आहे. तिच्याखाली कुठेही राहिलं तरी इंजिन तितकंच टिकेल असं ती सांगत नाही.

६५ आणि ७५मधला फरक पैशांत आणि मिनिटांत मोजून पाहा. नागपूर ते छत्रपती संभाजीनगर साधारण २२० नॉटिकल मैल आहे. वारा नसताना ७५ टक्क्यांना १२० नॉट धरले तर १ तास ५० मिनिटं. ६५ टक्क्यांना ११४ नॉट धरले तर १ तास ५६ मिनिटं. सहा मिनिटं वाचवण्यासाठी एक गॅलनहून अधिक, म्हणजे सुमारे ४ लिटर इंधन जास्त जळतं आणि सिलिंडर गरम राहतात ते वेगळंच. वेगाच्या घनाच्या प्रमाणात पॉवर लागते, तेच हे गणित. त्यातून तुमच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. सहा मिनिटं लवकर पोचून तुमच्या लॉगबुकात सहा मिनिटं कमीच पडणार. विद्यार्थ्याने क्रॉस-कंट्रीला ७५ टक्के लावण्यात मला आजवर काही फायदा दिसलेला नाही.

तरी ७५ टक्के कधी लावायचे, तेही सांगतो. समोरून जोराचा वारा असेल तेव्हा थोडं वाढवणं योग्य, कारण संथ विमान वाऱ्याच्या तोंडी जास्त वेळ सापडतं. सूर्यास्ताच्या आत पोचायचंय किंवा पुढच्या विमानतळावर ढग जमतायत, तेव्हा वेळ इंधनापेक्षा महाग असतो. आणि एक फार महत्त्वाचा प्रसंग: इंजिनाला नवे सिलिंडर बसवलेले असतील तेव्हा. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसण्यासाठी आतला दाब चांगला हवा असतो. म्हणून ब्रेक-इनच्या काळात, पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, ६५ ते ७५ टक्क्यांवर उडवायचं. 'नवं इंजिन आहे, जपून चालव' म्हणून कोणी ५० टक्क्यांवर तासन्‌तास सर्किट मारत असेल तर तो त्या इंजिनाचं नुकसान करतोय. भिंतीवर तेलाचा चकाकणारा थर बसतो, रिंगा बसत नाहीत आणि ते इंजिन पुढे कायम तेल पीत राहतं. विमान वर्कशॉपमधून नुकतंच आलं असेल तर इंजिनियरला विचारा की सिलिंडर बदललाय का.

५५ टक्केही विसरू नका. नागपूर किंवा पुण्यासारख्या विमानतळावर नियंत्रकाने बाहेर थांबवून ठेवलं की कुठे जायची घाई नसते. तिथे आरपीएम २२००-२३००वर आणा, मिक्स्चर पुन्हा जुळवा आणि शांतपणे घिरट्या घाला. मी कितीतरी मुलांना होल्डिंगमध्येही क्रूझच्याच पॉवरवर गरगरताना पाहिलंय.

आता मिक्स्चर. इथे मला जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. 'लीन केलं तर इंजिन जळतं' ही भीती शाळेच्या पहिल्या आठवड्यात मनात बसते आणि मिक्स्चरचा लाल नॉब आयुष्यभर पूर्ण आत, म्हणजे रिच (इंधन जास्त), राहतो.

भीती कुठून आली ते समजून घ्या. मोठ्या पॉवरला, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर, जादा इंधन डेटोनेशनपासून (सिलिंडरमध्ये मिश्रण एकदम भडकण्यापासून) संरक्षण देतं. तिथे लीन करणं खरंच धोक्याचं. पण टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनात ७५ टक्के किंवा त्याखाली, कोणत्याही उंचीवर लीन करायला लायकमिंगची परवानगी आहे. पूर्वी '५००० फुटांखाली लीन करायचं नाही' असा नियम शिकवला जायचा, अजूनही शिकवला जातो. ६५ टक्क्यांवर असाल तर त्याला काही आधार नाही.

पीओएचच्या क्रूझ तक्त्यातला इंधनाचा आकडा मिक्स्चर लीन केलेलं आहे असं गृहीत धरून दिलेला असतो. म्हणजे तुम्ही लॉगमध्ये तासाला ९ गॅलन लिहिलेत आणि नॉब पूर्ण आत ठेवलात, तर तुमचा सगळा इंधनाचा हिशेब कागदावरच राहिला. ३०० मैलांना सुमारे २ तास ४० मिनिटं धरा. तासाला ९ गॅलनने २४ गॅलन. रिच ठेवून तासाला ११ गेले तर ते २९च्या पुढे जातं. फरक ५ गॅलनहून अधिक, म्हणजे ९च्या हिशेबाने सुमारे ३५ मिनिटांचं उड्डाण. तुमचं जवळपास सगळं राखीव इंधन धुराड्यातून निघून गेलं. आणि आपल्याकडे एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, हे विसरून चालणार नाही.

प्रत्यक्ष कसं करायचं? ५५०० फुटांवर सपाट झालात, वेग स्थिरावू द्या, ट्रिम लावा, आरपीएम २५५०ला आणा. आता लाल नॉब मधलं बटण न दाबता डावीकडे फिरवा, एका वेळी अर्धा फेरा. फिरवलं की दोन-तीन सेकंद थांबा, कारण ईजीटीचा (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या तापमानाचा) काटा आळशी असतो. काटा चढत जाईल. त्याच वेळी आरपीएमही दहा-वीसने वाढलेला दिसेल, कारण इंजिन आता जादा इंधनाने गुदमरत नाहीये. फिरवत राहा. एका ठिकाणी ईजीटी चढायचं थांबतं आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्याला किंचित उतरतं. ते शिखर. लाल संदर्भकाटा असेल तर तो तिथे लावून ठेवा. मग नॉब उजवीकडे फिरवत ईजीटी शिखरापासून ५० अंश फॅरनहाइट खाली आणा. झालं ५० अंश रिच. जी१००० (डिजिटल पडद्यांची यंत्रणा) असेल तर इंजिनाच्या पानावर 'लीन' आणि 'असिस्ट' दाबा, शिखर तो स्वतः पकडून फरक दाखवतो. शेवटी आरपीएम पुन्हा बघा. लीन करताना तो वाढला असेल तर थ्रॉटलने परत २५५०वर आणा. उंची हजार फुटांनी बदलली किंवा थ्रॉटल हलवला की हे सगळं पुन्हा करायचं.

जुन्या १७२पीमध्ये ईजीटी गेज नसेल तर कानाने करा. नॉब हळूहळू बाहेर काढत जा. इंजिन थोडं खडबडायला लागलं की पुन्हा गुळगुळीत चालेपर्यंत आत घाला. कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरना सारखं मिश्रण मिळत नाही. सगळ्यात लीन असलेला सिलिंडर आधी कुरकुरतो, ती कुरकुर म्हणजेच तुमचं गेज.

५० अंश का, शिखरावरच का नाही? शिखरावर ठेवलं तर इंधन सर्वात कमी लागतं आणि ६५ टक्क्यांवर पीओएच त्याला परवानगी देतं. पण एक बारकावा आहे. ईजीटी शिखरावर असतं तेव्हा सिलिंडर हेडचं तापमान शिखरावर नसतं. हेड सर्वात तापतं ते ईजीटीच्या शिखराच्या रिच बाजूला, साधारण ४०-५० अंशांवर. म्हणजे पुस्तकाने सांगितलेली ही ५० अंश रिचची जागा हेडसाठी सर्वात गरम जागेच्या जवळच आहे. ६५ टक्क्यांना याने काही बिघडत नाही, तापमान ४००च्या बरंच खाली राहतं. पण ७०-७५ टक्क्यांवर, मेच्या दुपारी, मी ५०वर थांबत नाही. १०० अंश रिचला जातो. तिथे पॉवरही सर्वात जास्त मिळते. लीन केल्यावर नुसतं ईजीटीकडे टक लावून बसू नका. ईजीटीच्या नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही, तो प्रोब कुठे बसवलाय त्यावर ठरतो. पाच मिनिटांनी हेडचं आणि तेलाचं तापमान बघा. इंजिनाची तब्येत तिथे कळते.

जमिनीवरही लीन करा. टॅक्सीत पूर्ण रिच ठेवलं की १००एलएल या एव्हगॅसमधलं शिसं स्पार्क प्लगांवर, विशेषतः खालच्या प्लगांवर, गोळ्या होऊन बसतं. मग रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीला) १८०० आरपीएमवर मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) तपासताना १५० आरपीएमच्या वर घट येते आणि उड्डाण रद्द होतं. टॅक्सीत इतकं लीन करा की चुकून थ्रॉटल पूर्ण पुढे केलात तर इंजिन अडखळेल. अर्धवट लीन सर्वात वाईट, कारण ते विसरून तुम्ही तसंच टेक-ऑफला निघू शकता.

टेक-ऑफ आणि चढाई. इथे पर्याय निवडायचाच नसतो: थ्रॉटल पूर्ण पुढे आणि तो तिथेच. 'इंजिनाला आराम' म्हणून चढताना थ्रॉटल थोडा मागे घ्यायची सवय फिक्स्ड पिच विमानात सोडा. अनेक कार्ब्युरेटरांत पूर्ण थ्रॉटलला जादा इंधन सोडणारी झडप उघडते आणि ते इंधन सिलिंडर थंड ठेवतं. थ्रॉटल बोटभर मागे घेतलात की झडप बंद, चढण्याचा दर कमी आणि वर हवा कमी लागल्याने हेड अधिक तापलेलं. उन्हाळ्यात थंड ठेवायचं असेल तर नाक खाली करा. १७२एसमध्ये ७५ नॉटऐवजी ८५ नॉटने चढा.

मिक्स्चर साधारणपणे ३००० फुटांपर्यंत पूर्ण रिच, वर गेलात की आरपीएम सर्वात जास्त मिळेल इतपत लीन. आणि धावपट्टीवरच घनता-उंची ५००० फुटांच्या वर असेल तर लायकमिंगचं म्हणणं असं की फिक्स्ड पिच विमानात ब्रेकवर उभं राहून, पूर्ण थ्रॉटलला, सर्वात जास्त आरपीएम मिळेपर्यंत लीन करा आणि मगच निघा. वर काढलेला मेच्या दुपारचा आकडा ५६०० होता, तो बघा. 'पठारावर कुठे लीन करायचं, ते हिमालयातलं काम' असं समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करावा. १७२एसमध्ये पूर्ण थ्रॉटलला उभ्याने २३०० ते २४०० आरपीएम मिळायला हवा. २३००च्या खाली राहिला आणि लीन करूनही वर आला नाही, तर निघू नका.

कार्ब्युरेटरवाल्या विमानांबद्दल एक सावधानता. पावसाळी हवेत, कोकणाकडे तर नक्कीच, अर्ध्या पॉवरवर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. बाहेर २० अंश असले तरी धरतो. फिक्स्ड पिच विमानात त्याची पहिली खूण म्हणजे तुम्ही हात न लावता आरपीएम हळूहळू घसरणं. विद्यार्थी थ्रॉटल थोडा पुढे करतो, पाच मिनिटांनी अजून थोडा. तसं झालं की थ्रॉटल नाही, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब). पूर्ण ओढा. आधी आरपीएम आणखी पडेल, इंजिन खोकेल, तरी धीर धरा. ती पुन्हा आत ढकलायची घाई करू नका.

आता ॲरो, म्हणजे कॉन्स्टंट स्पीड पंखा (आरपीएम कायम राहावा म्हणून पात्यांचा कोन आपोआप बदलणारा). इथे आरपीएम निळ्या लिव्हरने ठरतो आणि थ्रॉटल मॅनिफोल्ड प्रेशर ठरवतो, त्यामुळे तीच पॉवर अनेक जोड्यांनी मिळते. 'मॅनिफोल्ड प्रेशरचा इंचांतला आकडा आरपीएमच्या शेकड्यांच्या वर नको' हा नियम पुस्तकात नाही. पुस्तक उघडा आणि तक्ता बघा. २४ इंच आणि २२०० आरपीएमसारख्या जोड्या अनेक इंजिनांच्या तक्त्यांत छापलेल्या सापडतील. साधी गोष्ट बघा, समुद्रसपाटीवर पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्ड प्रेशर २८-२९ इंचांच्या घरात असतं आणि आरपीएम २७००. म्हणजे प्रत्येक टेक-ऑफलाच तो नियम मोडतो.

कमी फेरे आणि जास्त दाब हे उलट काटकसरीचं सूत्र आहे. १९४४ साली न्यू गिनीत चार्ल्स लिंडबर्ग यांनी ४७५व्या फायटर ग्रुपच्या वैमानिकांना पी-३८ विमानं १६०० आरपीएमवर, लीन मिश्रणावर आणि चढ्या मॅनिफोल्ड प्रेशरवर उडवायला शिकवलं. तिथेही लोक म्हणाले की इंजिनं फुटतील. इंजिनं टिकली आणि विमानांचा पल्ला लक्षणीय वाढला. कमी फेऱ्यांत घर्षण कमी, आवाज कमी, पंख्याची कार्यक्षमता जास्त. मर्यादा एवढीच की जोडी तक्त्यात छापलेली असली पाहिजे. छापलेल्यापेक्षा कमी आरपीएमला जास्त दाब देऊ नका, डेटोनेशन तिथेच सुरू होतं.

लक्षात ठेवायला एक युक्ती वापरा. समजा तुमच्या पुस्तकात ६५ टक्क्यांसाठी २४०० आरपीएम आणि २२ इंच दिलेत. २४ अधिक २२ म्हणजे ४६. मग २३०० आणि २३, किंवा २२०० आणि २४ या जोड्याही त्याच पॉवरच्या जवळ असतात. बेरीज ३ने वाढली की साधारण १० टक्के वाढतात. हे मूळ आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे, ते आपल्या पुस्तकातूनच घ्या. काही ॲरोंमध्ये २१०० ते २३५०च्या दरम्यान सलग चालवायला मनाई आहे, पंख्याच्या कंपनांमुळे. टॅकोमीटरवर तसा पट्टा आहे का ते बसल्या बसल्या बघून घ्या. त्या विमानात वरच्यातल्या २३०० आणि २२००च्या दोन्ही जोड्या वापरायच्या नाहीत.

उंचीवर गेलं की निवडायला फारसं उरतच नाही. दर हजार फुटांना मॅनिफोल्ड प्रेशर साधारण एक इंच घटतं. ७०००-८००० फुटांवर थ्रॉटल पूर्ण पुढे असतानाही २२ इंचांच्या आसपासच मिळतात. तिथे थ्रॉटल पुढेच ठेवायचा आणि आरपीएमने टक्के जुळवायचे. पॉवर वाढवताना मिक्स्चर, मग पंखा, मग थ्रॉटल. कमी करताना थ्रॉटल, मग पंखा, मग मिक्स्चर. हा क्रम हाताला लागला पाहिजे.

उतरताना दोन गोष्टी. सिलिंडर एकदम थंड करू नका. मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त घसरण नको असं लायकमिंग सांगतं. उतरण लवकर सुरू करा, १७२मध्ये आरपीएम शंभर-दोनशेने कमी करून मिनिटाला ५०० फुटांनी या, आणि येता येता मिक्स्चर थोडं थोडं रिच करत राहा. लीन ठेवून थेट सर्किटमध्ये आलात आणि गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा चढायला) थ्रॉटल मारलात तर इंजिन नेमकं तेव्हाच अडखळेल. सर्किटसाठी १७२एसचे माझे सुरुवातीचे आकडे: डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात) २१००, तिथे विमान ९०-९५ नॉटवर सपाट राहतं. उतरायला लागल्यावर १५००, फ्लॅप्स २० अंश, ६५-७० नॉट. वजन आणि वाऱ्याप्रमाणे त्यात शंभर इकडे-तिकडे करावे लागतील.

३०० मैलांना निघण्याआधी एक काम करा. तुमच्या विमानाचा टॅकोमीटर खरं बोलतोय का ते इंजिनियरकडून ऑप्टिकल टॅकोमीटरने तपासून घ्या. पंख्यासमोर धरून दोन मिनिटांत होतं. जुने यांत्रिक टॅकोमीटर ५० ते १०० आरपीएमने सहज चुकतात. तो ५०ने कमी दाखवत असेल तर तुमचे ६४ टक्के प्रत्यक्षात ६८ असतील आणि इंधन लॉगमधल्या आकड्यापेक्षा जास्त जाईल. तपासणीत निघालेला फरक नीपॅडवर (मांडीवरच्या पाटीवर) लिहून ठेवा, आणि पहिल्या लेगच्या शेवटी खरा वेग, लागलेला वेळ आणि डिपस्टिकने मोजलेलं इंधन तक्त्याशी ताडून पाहा. दुसऱ्या लेगचा आरपीएम त्या तीन आकड्यांवरून ठरवा.